१९२४ चा नोटर डेम हंगाम : रोझ बोलचा तिढा सुटला

नोटर डेम या महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल संघाचा १९२४ चा हंगाम फासे, खेळाडूंची कार्डे आणि निकालांचा तक्ता घेऊन पटावर पुन्हा खेळणे चालू आहे. मागच्या नोंदीपर्यंत कार्नेगी टेकविरुद्धच्या सामन्यासह नऊ सामने खेळून झाले होते आणि प्रशिक्षक नूट रॉकनी यांचा संघ माझ्या पटावरही अपराजित होता. त्यानंतर १ जानेवारी १९२५ चा रोझ बोल, म्हणजे हंगामाचा अखेरचा सामना, मांडला आणि सगळा हंगाम तिथेच अडून बसला. प्रत्यक्षात प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांच्या स्टॅनफर्डचा २७-१० असा पराभव झाला होता. फासे मात्र पुन्हा पुन्हा स्टॅनफर्डलाच जिंकवत होते. काल रात्री हा तिढा सुटला.

प्रथम संशय स्टॅनफर्डच्या एर्नी नेव्हर्सच्या कार्डावर आला. पण त्या दिवशी त्याने ३४ वेळा चेंडू घेऊन ११४ यार्ड कमावले होते; घोट्यांना पट्ट्या बांधून अखेरपर्यंत झुंजलेल्या या खेळाडूचे कार्ड हलके करणे मला मान्य नव्हते. अडचण तक्त्याच्या रचनेत होती. आपण सगळे वापरतो तो तक्ता कमावलेल्या यार्डांना सर्वाधिक वजन देतो, तर १९२४ मध्ये चेंडू मैदानात कुठे आहे याला त्याहून अधिक मोल होते. स्वतःच्या गोलरेषेजवळ अडकलेला संघ चौथ्या डाउनची (शेवटच्या प्रयत्नाची) वाट न पाहता पंट करून, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून, मोकळा होई. पास फेकणाऱ्याला, डाव जिथून सुरू होतो त्या स्क्रिमेज रेषेच्या किमान पाच यार्ड मागे राहावे लागे, आणि गोलरेषेपलीकडे कोणी न पकडता पडलेला पास थेट प्रतिपक्षाच्या पदरात जाई.

म्हणून मैदानाचे दहा-दहा यार्डांचे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याला पास व पंट यांच्या जोखमीचा वेगळा स्तंभ दिला. मग चित्र पालटले. नोटर डेमच्या एल्मर लेडनने स्टॅनफर्डचे दोन पास मध्येच पकडून ७८ आणि ७० यार्डांच्या धावा काढल्या, त्याचा सहकारी हन्सिंगरने स्टॅनफर्डच्या हातून निसटलेला पंट उचलून २० यार्डांवरून गोलरेषा गाठली. म्हणजे नोटर डेमच्या चारपैकी तीन टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे) प्रतिपक्षाच्या चुकांतून आले. आता स्टॅनफर्ड यार्ड जास्त कमावते आणि तरीही बहुतेक वेळा हरते, हे पाहून अतिशय समाधान वाटले. रॉकनी आरंभी उतरवत ती दुसरी फळीही आता कामाची ठरते, कारण तिच्यावर प्रतिपक्षाची दमछाक झाल्यावरच ‘चौघे घोडेस्वार’ म्हणून ओळखले जाणारे स्टुलड्रेहर, क्रॉली, मिलर आणि लेडन मैदानात येतात.

फाशांबद्दल एक आग्रहाची सूचना : गोल कोपऱ्यांचे स्वस्त फासे या तक्त्याला चालणार नाहीत. जोखमीच्या स्तंभात एका अंकाने निकाल फिरतो, तेव्हा धारदार कडांचे, दहा बाजूंचे फासेच घ्यावेत.

यानंतर रेड ग्रेंज या खेळाडूच्या इलिनॉय संघाकडे वळण्याचा बेत होता. परंतु हे लिहितानाच लक्षात आले की पट्टे उभेही पाडायला हवेत. चेंडू आत आणून ठेवण्याच्या खुणा महाविद्यालयीन खेळात १९३३ मध्ये आल्या. त्याआधी कडेला पकडले गेल्यास पुढचा डाव तिथूनच सुरू होई आणि केवळ मध्याकडे सरकण्यासाठी एक डाउन खर्ची पडे. स्टुलड्रेहर, क्रॉली, मिलर आणि लेडन या चौघांत १६२ पौंडांहून जड कोणीच नव्हता. त्यांचा भर वेगावर आणि कडेच्या धावांवर असल्यामुळे हा नियम त्यांनाच अधिक जाचेल, असा माझा अंदाज आहे. त्यामुळे ग्रेंज थांबेल. आधी पोलो ग्राउंड्सवरचा १८ ऑक्टोबरचा, नोटर डेमने आर्मी (लष्करी अकादमीचा संघ) विरुद्ध १३-७ असा जिंकलेला सामना तीन उभ्या आणि दहा आडव्या पट्ट्यांच्या नव्या पटावर पुन्हा खेळणार आहे.