पायाखालचं नाशिक

नाशिकला आलेला माणूस रामकुंड, काळाराम, सीतागुंफा उरकतो आणि गाडीत बसतो. मला या वेळी पंचवटी सोडून नदीच्या अलीकडचं जुनं नाशिक पायी फिरायचं होतं. हे गाव टेकाडांवर वसलंय. गल्ली कुठे वळेल यापेक्षा कुठे चढेल याचीच धास्ती.

दहीपुलावर पोचलो आणि पूल शोधू लागलो. एक दुकानदार काका हसले, "अहो, पुलावरच उभे आहात! खाली सरस्वती नाला आहे." नाला झाकला, वर बाजार भरला. पाऊस जोराचा झाला की मात्र सरस्वती आपली वाट परत मागते आणि पाणी सराफ बाजारात शिरतं.

तिवंध्याच्या चौकातही तेच. वरून रिक्षा, हातगाड्या चाललेल्या. खाली पेशवेकाळापासूनची रहाड, म्हणजे दगडी बांधणीचा हौद. वर्षभर फळ्या आणि मातीखाली बुजवलेली. रंगपंचमीला ती उघडून, पूजा करून, फुलांचा उकळलेला रंग भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. इथला पिवळा, पलीकडे शनी चौकातला गुलाबी. मग वरून धप्पा! उडी अशी मारायची की काठावरची माणसंही न्हाऊन निघाली पाहिजेत. पाण्याच्या फुग्यांपेक्षा हे शंभरपट बरं, असं आपलं माझं मत.

पुढे तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडत होती. ठोका एकसारखा, खळगे ओळीने. कारागिराने मान वर केली नाही, मीही बोलायला गेलो नाही. वाटेत विजयानंद थिएटर लागलं. २१ डिसेंबर १९०९ ला इथेच नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. त्या गल्लीतून कोकणीपुरा, बडी दर्गा, चौक मंडई सगळं हाकेच्या अंतरावर. मुघलांनी या गावाला गुलशनाबाद म्हटलं होतं.

शेवटी गोदाकाठची मातीची गढी. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा थराखाली थर निघत सातवाहनांच्याही मागे ताम्रपाषाण काळापर्यंत, म्हणजे माणूस दगडासोबत तांब्याची हत्यारं वापरायचा त्या काळापर्यंत, वस्ती सापडली. आज वर घरं आहेत आणि कडेची माती ढासळते. दारात भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पावसाळा आला की नोटीस येते, घर खाली करा म्हणून. जायचं कुठं, ते नसतं लिहिलेलं."