तुम्ही विचारलंत म्हणून: बगरामला भीती नाही वाटायची?

लग्नात, गणपतीत, कुठेही भेटले की लोक आधी पगार विचारतात आणि मग आवाज जरा खाली आणून हे विचारतात. परवा परत एकाने विचारलं, मी नेहमीसारखं "सवय होते हो" म्हणून सोडून दिलं, पण ते अर्धंच उत्तर आहे म्हणून आज नीट लिहितोय.

मी 2010 ते 2013 अफगाणिस्तानात बगराम एअरफील्डवर होतो, अमेरिकनांचा तिथला सगळ्यात मोठा तळ. सैन्यात नाही, लाँड्रीत. आम्हाला टीसीएन म्हणायचे, थर्ड कंट्री नॅशनल, म्हणजे ना अमेरिकन ना अफगाण, तिसऱ्याच कुठल्या देशातले. आपले लोक, नेपाळी, फिलिपिनो, असे बरेच होतो.

रॉकेट यायची. भोंगा वाजायचा, स्पीकरवर "इनकमिंग, इनकमिंग", की असू तिथे आडवं व्हायचं, मग बंकर, मग ऑल क्लिअर झालं की परत कपडे मोजायला उभं. याची खरंच सवय होते. पहिले दोन महिने पोटात गोळा यायचा, नंतर जमिनीवर पडल्या पडल्या ड्रायर चालू राहिला काय हे आठवायचं.

सवय झाली नाही ती खिशांची. धुवायच्या आधी प्रत्येक खिसा तपासायला लागायचा, पेन, च्युइंगगम, कधी गोळी. एकदा एका पँटीच्या मांडीवरच्या खिशात चार घड्या घातलेला कागद निघाला, रंगीत खडूने काढलेलं घर, बाजूला घराएवढाच कुत्रा, आणि घड्यांवरचा रंग उडालेला, म्हणजे रोज उघडून बघत असणार. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पावतीला स्टेपल केला. तीन दिवसांनी तो पोरगा आला, बावीस-तेवीसचा असेल, आधी कागद बघितला आणि मग कपडे. तो आला, पण सगळेच यायचे नाहीत. काही बॅगा रॅकवर पडून राहायच्या, बदली झाली असेल, रजेवर असेल असं आम्ही म्हणायचो, आणि मग त्याच्या युनिटमधला दुसराच कोणी पावती घेऊन यायचा आणि काही न बोलता सही करायचा. आम्ही पण विचारायचो नाही. माझं त्यांच्याशी नातं काय, तर पावतीचं, रडायला तेवढं पुरत नाही.

कोणी गेला की अनाउन्समेंट व्हायची आणि डिस्ने ड्राइव्ह म्हणून तळावरचा मुख्य रस्ता होता (2002 मध्ये तिथे मरण पावलेल्या एका सैनिकाचं नाव), त्याच्या दोन्ही बाजूंना लोक येऊन उभे राहायचे, रात्री दोन वाजले असले तरी. पेटी विमानाकडे जायची, ते सॅल्यूट करायचे. आम्ही पण जायचो, टोपी काढून हात खाली सोडून उभे. मला प्रत्येक वेळी रॅकवरच्या बॅगाच दिसायच्या.

आणि घरी? आईला मी दुबईला आहे असं सांगितलं होतं, बायकोला फक्त माहीत. आता यातली गोम बघा, दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आणि बगरामचं एक तास मागे, आणि आई प्रत्येक फोनला पहिलं विचारणार "जेवलास काय रे? किती वाजले तिकडे?" तीन वर्षं मी तो अर्धा तास वजा करून सांगितला. थंडीत बर्फ पडायचा, माझा आवाज बसायचा, तर म्हणायचो एसी फार आहे. फोन चालू असताना भोंगा झाला तर कट करायचा आणि नंतर रेंज गेली म्हणायचं. भीती विचारता ना, मला या फोनची जास्त भीती वाटायची.

29 एप्रिल 2013 ला लष्करी गाड्या भरलेलं मालवाहू जंबो उडाल्या उडाल्या मागे कलंडून खाली आलं, आतले सातही गेले, सगळे सिव्हिलियन, आमच्यासारखे कामावर आलेले. कोणीतरी गाडीतून काढलेला व्हिडिओ जगभर फिरला. बायकोने टीव्हीवर बघितला, शेजारी आई पाटावर बसून भाजी निवडत होती, हिने काही न बोलता चॅनल बदललं आणि रात्री फोनवर एवढंच म्हणाली, "आता पुरे, या." त्या वर्षीच परत आलो.

2021 च्या जुलैत अमेरिकन रातोरात बगराम सोडून गेले, ती रिकामी हँगर्स बातम्यांत दाखवत होते. आई म्हणाली, "एवढं मोठं, तिथे आपली पण कोण पोरं असतील काय रे कामाला?" मी "असतील" म्हटलं.

तिला अजून सांगितलेलं नाही. घरी आलात तर तिच्यासमोर दुबईच म्हणा.