द्राक्षांच्या मुलुखातली तहान

फ्रान्समधल्या लियॉन शहराच्या उत्तरेला, सोन नदीच्या पश्चिमेकडे बोजोलेच्या टेकड्या पसरल्या आहेत. तेथे सायकल चालवताना सर्वांत आधी जाणवते ती सावलीची टंचाई. गामे जातीच्या द्राक्षांचे इथले जुने वेल मांडवावर चढवलेले नसतात. कंबरेलाही न लागणारी ती गाठाळ झुडपेच असतात, आणि ज्या उताराला ऊन भरपूर मिळते तोच उतार त्यांच्यासाठी निवडलेला असतो. जे द्राक्षाला मानवते ते माणसाला मानवेलच असे नाही. १३९५ साली बर्गंडीच्या फिलिप नावाच्या ड्यूकने या गामेला आपल्या मुलुखातून हद्दपार करण्याचा हुकूम काढला होता. बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत मात्र ते चांगले रुजले. भर उन्हात चढावर धाप लागली की मला त्या ड्यूकविषयी उगाचच सहानुभूती वाटू लागते.

नकाशावर हा प्रदेश फार साधा दिसतो. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला सोनचे सपाट खोरे, आणि डोंगरातून नदीकडे उतरणारे लहान लहान ओढे. सगळा घोटाळा या ओढ्यांनी केला आहे. ओढ्याच्या काठाकाठाने जावे तर रस्ता समजूतदारपणे, बेताबेताने चढतो. परंतु जुलिएनाहून फ्लरी आणि तेथून व्हिलिए-मॉर्गों असे उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाले, की प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरावे लागते, प्रत्येक डोंगरधारेवर पुन्हा चढावे लागते, आणि एवढे करून संध्याकाळी आपण जवळजवळ सकाळच्याच उंचीवर असतो. मिशलँ कंपनीच्या नकाशांत चढाची तीव्रता रस्त्यावर काढलेल्या बाणांनी दाखवतात. एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के, दोन म्हणजे नऊ ते तेरा, आणि तीन म्हणजे त्याहून अधिक. दोन बाणांचा रस्ता वाटेत येणार असे दिसले, की मी नकाशाची घडी अशी घालते की तेवढा भाग आत दडेल. चढ पायांनाच कळावा, डोळ्यांना तो आधी कळून काही उपयोग नसतो, असे माझे मत आहे. पुढच्या चढाचा आलेख दाखवणारी सोय फोनमध्ये असते, तीही मी बंद ठेवते. बरोबरचे लोक यावर हसतात. परंतु आलेखाकडे पाहत पाहत चढणारे त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

दुपारचे बारा वाजले की इथली खेडी मिटतात. बेकरीचे दार लागते, किराणा दुकानाची जाळी खाली येते, आणि दोन-तीन तास रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. दर वळणावर तळघरातल्या वाइनची चव घ्यायला बोलावणारी पाटी मात्र असते. पाण्यासाठी कोणी बोलावत नाही, आणि गावच्या कारंज्यावर पाटी असलीच तर हे पाणी पिण्याचे नाही, एवढेच सांगणारी असते. जुलैतल्या अशाच एका दुपारी माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि माझ्यापुढे चाललेल्या एका पिकल्या केसांच्या सायकलस्वाराने गावाबाहेरच्या दफनभूमीच्या भिंतीला सायकल टेकवली. तो आत गेला आणि थोड्या वेळाने ओल्या डोक्याने, भरलेल्या बाटल्या घेऊन बाहेर आला. जाताना त्याने मला फाटकाकडे बोट दाखवले.

इथल्या प्रत्येक सायकलवाल्याला ही युक्ती ठाऊक असते. कबरींवरच्या फुलझाडांना घालण्यासाठी दफनभूमीत पाण्याची सोय केलेली असते; भिंतीला हिरव्या झाऱ्या टांगलेल्या असतात, शेजारी नळ असतो, आणि ते पाणी बहुधा गावच्या पाणीपुरवठ्याचेच असते. पाटी तेवढी वाचून घ्यायची. मी पाटी वाचली, ती आक्षेपार्ह नव्हती, आणि तरीही मी फाटकाबाहेरच उभी राहिले.

याला कारण माझी आजी. वाईला आमच्या लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल मिळत असे. ती मोठ्या माणसांची असे, त्यामुळे दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकावे लागे, आणि त्यासाठी सपाट व निर्मनुष्य रस्ता हवा असे. पसरणी घाटाच्या बाजूला चढ, बाजारात गर्दी. म्हणून मी कृष्णेच्या काठाने स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर जात असे. आजीला ते नेमके कळे. कसे ते मला आजवर उमगलेले नाही. मागच्या दाराशी दगडावर पाण्याची बादली ठेवून ती उभी असे, आणि हातपाय धुतल्याखेरीज उंबरा ओलांडू देत नसे. एकदा तिने सायकलची दोन्ही चाकेही माझ्याकडून धुऊन घेतली, मागचे चाक नीट निघाले नाही म्हणून पुन्हा घासायला लावले, आणि भाड्याचा उरलेला तास त्यातच संपला. सायकल ओली का, असे दुकानदाराने विचारले तेव्हा तिनेच त्याला खरे कारण सांगितले; तेव्हापासून तो मला सायकल देताना कुठे जाणार ते आधी विचारू लागला.

घरची पुरुषमाणसे एखाद्याला पोहोचवून आली, की त्याच दगडावर कडुलिंबाची पाने ठेवलेली असत. ती चावायची, डोक्यावरून पाणी घ्यायचे, आणि आंघोळ झाल्याखेरीज तोंडात घोटभर पाणीही घ्यायचे नाही, असा नेम होता. त्यामुळे स्मशानाशी पाण्याचा संबंध माझ्या मनात धुऊन टाकण्यापुरता होता. तेथले पाणी बाटलीत भरून प्यायचे, ही कल्पना फाटकापर्यंत आली आणि तेथेच अडली. तहान मात्र सायकलवरून आलेली होती. आजीचे नियम कृष्णेच्या काठापुरते आहेत, असा सोयीस्कर निवाडा मी केला आणि आत गेले. पाणी गार होते. पिताना आजूबाजूच्या कबरींवरची नावे वाचली, आणि वाटेभर तळघरांच्या पाट्यांवर वाचलेलीच आडनावे तेथे पुन्हा भेटली. गावातल्या युद्धस्मारकावर १९१४ ते १९१८च्या यादीत यांतलेच एखादे आडनाव एकाखाली एक दोनतीनदाही येते.

पलीकडे, लियॉनच्या नैर्ऋत्येला सँतेत्येन हे कारखान्यांचे शहर आहे. पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ (१८५३ ते १९३०) तेथे राहत असे, आणि सायकलवाले त्याला व्हेलोसिओ या टोपणनावानेच ओळखतात. डोंगरातल्या रस्त्यांवर गिअर बदलता आला पाहिजे, यासाठी त्याने आयुष्यभर लेखणी आणि पाय दोन्ही झिजवले. टूर द फ्रान्सच्या शर्यतीने गिअर बदलण्याची यंत्रणा स्वीकारली ती १९३७ साली, त्याच्या मृत्यूनंतर. त्याने सायकलप्रवासाचे सात नियम घालून दिले आहेत. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे, हे त्यांतले सर्वांना पाठ असलेले. अहंकारापोटी कधीही पेडल मारू नये, हे सर्वांना पाठ असून कोणीही न पाळलेले. पाचवा नियम असा, की वाइन, मांस आणि तंबाखू आहारातून वगळावीत, निदान वाटेत असताना तरी. आजीला हा माणूस पसंत पडला असता. त्याने पाय धुतले आहेत ना, एवढी चौकशी मात्र तिने केली असती. ‘निदान वाटेत असताना’ ही पुस्ती त्याने कोणत्या प्रदेशातल्या सायकलवाल्यांची दया येऊन जोडली, याविषयी माझा एक तर्क आहे. बोजोलेतल्या शिरूब्ल गावाच्या वरच्या अंगाला, जेथून स्वच्छ हवेत सोनच्या खोऱ्यापलीकडे आल्प्सची रांग दिसते, तेथे बसलेल्या कित्येकांच्या मते त्यांची वाट त्याच बाकावर संपलेली असते.

आता त्या नळाशी मी सरावले आहे. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, फ्रान्सभर लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपल्या माणसांच्या कबरींवर जातात, आणि त्या दिवशी नळापाशी झाऱ्यांची रांग लागते. हेल्मेट काखेत धरून मी त्या रांगेत उभी राहिले तेव्हा पुढच्या बाईंनी आपली अर्धी भरलेली झारी बाजूला घेतली आणि मला आधी बाटली भरू दिली. मी कोणाकडे आले आहे, असे त्यांनी विचारले. कोणाकडेच नाही, फक्त पाण्यासाठी, असे मी सांगितल्यावर त्या, यात विशेष ते काय, अशा चेहऱ्याने पुन्हा झारी भरू लागल्या. त्यानंतर थंडी वाढते, गोठून नळ फुटू नयेत म्हणून बऱ्याच गावांत पाणी तोडतात, आणि ते वसंतात पुन्हा सुरू होते. हिवाळ्यात तहान कमी लागते, तेवढे बरे.