पाचवी चाल

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी मनोगत मागितलेत. ते आजच्या बुद्धिबळ संघासाठी लिहितो. अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा, भक्ती कुलकर्णी हे बुद्धिबळपटू आपल्याच गोव्यातले. २०२५ चा बुद्धिबळ विश्वचषकही इथेच झाला. तरी शालेय स्पर्धांत काळ्याकडून खेळणारी मुले एकाच जागी हरताना दिसतात, त्याची हळहळ वाटते.

पांढऱ्याकडून पाहता उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या खालून १ ते ८; त्यावरून घराचे नाव. दोन्ही बाजूंची प्यादी ई४-ई५, घोडे एफ३ आणि सी६ वर, पांढऱ्याचा उंट सी४ वर: ही इटालियन सुरुवात. काळ्याने दुसरा घोडा एफ६ वर काढला की पांढरा लगेच घोडा जी५ वर टाकतो. एफ७ च्या प्याद्याला राखण एकट्या राजाची आणि त्यावर उंट-घोडा दोघांचा डोळा. इथे एच६ खेळाल तर घोडा एफ७ वर बसून वजीर-हत्ती एकदम धरतो. डी५ खेळून उंटाची वाट अडवा. पांढरा ई४ च्या प्याद्याने डी५ मारतो.

आता पाचवी चाल. हात आपोआप एफ६ च्या घोड्याकडे जातो, कारण प्यादे फुकटचे दिसते. थांबा! घोड्याने मारलेत की पांढरा एफ७ वर घोडा देतो, तो राजाने घ्यावा लागतो. मग वजीर एफ३ वर येऊन राजाला शह देतो आणि डी५ च्या घोड्यालाही धरतो. राजा जी८ ला पळाला तर उंट डी५ मारून शह देतो, मागोमाग मात. उरते ई६, म्हणजे पटाच्या मधोमध उघडा राजा. घड्याळ चालू असताना सातवीतल्या मुलाने तो कसा वाचवायचा?

म्हणून सी६ चा घोडा ए५ वर न्या. उंट बी५ वरून शह देईल, सी७ चे प्यादे सी६ वर मध्ये घाला. ते मारले की बी७ च्या प्याद्यानेच परत मारा, घोड्याने नको. प्याद्याचा वार उंटावर येतो, तो बहुधा मागे जातो आणि चाल तुमची होते. मग एच६, त्यानंतर ई४: घोड्याला दोनदा हाकलता येते. एक प्यादे कमी असेल, पण मोहरी मोकळी असतात. किल्लेकोट (राजा हत्तीकडे दोन घरे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवणे) करताना मात्र आधी राजालाच हात लावा. हत्तीला आधी लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट गेला.

चतुर्थीच्या सुट्टीत दोघांनी बसून हे वीसदा खेळा. अजून जमत नसेल तर तिसऱ्या चालीला उंट सी५ वर काढा. मग जी५ वर आलेला घोडा तुमचा वजीर सरळ खातो.