'लाइन आली रातची' : वऱ्हाडी सिंगलची तिसरी नोंद

गाणं नातं तुटल्यानंतर पुन्हा पायावर उभं राहणाऱ्या बाईचं. बोली वऱ्हाडी, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा-आर्णीकडचं, काळ पराटी (कपाशी) फुलण्यापासून कापूस विकण्यापर्यंतचा. मागच्या दोन नोंदींत चाल आणि कडवी झाली. या नोंदीत ध्रुवपदाची डागडुजी, खोली, मोटरचा आवाज आणि भजनी मंडळाचा कोरस. मिक्स अजून अर्धवट आहे.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर चालतं. सावरण्याच्या गाण्यात ताकद शेवटी भरायची नसते, सुरुवातीला काढून ठेवायची असते. पहिल्याच ध्रुवपदात ढोल, बास, दुहेरी आवाज सगळं ओतलं की शेवटच्या ध्रुवपदाला फक्त आरडाओरडा उरतो. मग लोक अर्धा-एक सूर वर चढवून वेळ मारून नेतात. आपण तो मार्ग सोडला. कारण असं की पट्टी न बदलताही काम होतं. ग्लोरिया गेनॉरचं १९७८ चं 'आय विल सर्व्हाइव्ह' घ्या. ए मायनरमधलं एकच कॉर्डचक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरतं, कडव्याला तेच आणि ध्रुवपदालाही तेच. फरक पडतो तो कोणतं वाद्य कधी आत येतं यानं.

ध्रुवपद, मात्रा मोजून

लाइन आली रातची, मी मोटर लावतो
तुया नावाचा हा अंधार मले भेवतो

'लाइन' म्हणजे वीज, 'तुया' म्हणजे तुझ्या, 'मले भेवतो' म्हणजे मला भितो. दोन्ही ओळी २४ मात्रांच्या. आठ मात्रांचा केहरवा धरला तर तीन आवर्तनं गाण्याची आणि चौथं मोकळं, म्हणजे चार बार. ही आठ मोकळी मात्रा गाण्यातली सगळ्यात महागडी जागा आहे.

दुसरी ओळ आधी 'तुया नावाचा अंधार आता मले भेवतो' अशी होती. कागदावर ती जास्त चांगली दिसते. पण मोजली तर २६ भरतात. शेवटचा 'तो' पंचविसाव्या मात्रेवर, म्हणजे नेमका चौथ्या आवर्तनाच्या समेवर पडत होता, आणि मोकळी जागा तिथंच बुजत होती. गाणाऱ्या बाईनं 'आता' आवळून म्हटलं तर ते 'अता' ऐकू यायचं. शेवटी 'आता'च्या चार मात्रा काढून 'हा'च्या दोन घातल्या. ओळ २४ वर बसली.

पहिल्या ओळीचा विसावा १३ वर आहे, दुसरीचा ११ वर. दोन्हीकडे १३ वरच श्वास घेतला तर 'अंधार' मधेच तुटतो, म्हणून लिरिक शीटवर श्वासाच्या खुणा ओळीप्रमाणे वेगळ्या केल्या. शिवाय 'मोटर'चा 'मो' सोळाव्या मात्रेवर सुरू होऊन सतरावीवरची सम ओलांडतो. तो सरळ करू नका. त्या धक्क्यामुळेच ओळ नाचते.

बोलीबद्दल दोन शब्द. वऱ्हाडात बायाही 'मी लावतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या ऐकणाऱ्याला ही चूक वाटेल, वाटू द्या. फायदा असा की तेच ध्रुवपद पुरुषाच्या तोंडीही जसंच्या तसं बसतं. शिकलेला गळा मात्र माइकसमोर आला की आपोआप 'तुझ्या', 'माझा' म्हणायला लागतो, आणि 'तुझ्या'तल्या जोडाक्षरामुळे मात्रा जड होते. टेक ऐकताना आधी हेच तपासायचं. 'ब्रेकअप' शब्द एका मसुद्यात होता. चालीवर तो बाहेरून चिकटवल्यासारखा वाटला. 'सोडचिठ्ठी' आणि 'फारकत' म्हटलं की लग्न आलं, कोर्ट आलं. आता फक्त 'गेलता' (गेला होता) आहे:

तू गेलता तवा होती पराटी फुलावर
माया जीव टांगला तुयाच त्या फोनावर

तिसऱ्या कडव्यात तीच बाई 'गाडीत भरून कापूस, मी भाव बोलतो' म्हणते. मधल्या काळात रडण्याच्या चार ओळी होत्या, त्या कापल्या.

एक हरकत आली, ती खरी आहे. ज्याच्या मोटरच्या स्टार्टर-पेटीत ऑटो बसवलेला आहे त्याची मोटर लाइन आली की आपोआप सुरू होते, बटन दाबायला रात्री वावरात कोण जातं? बरोबर. आमच्या नायिकेच्या स्टार्टर-पेटीत ऑटो नाही, एवढंच उत्तर आहे.

लांबी

टेम्पो मिनिटाला ९६ ठोके. दोन मात्रांना एक ठोका, बारात चार ठोके, म्हणून एक बार २.५ सेकंदांचा. पहिला आराखडा १०४ बारांचा होता, म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद. तिसरं कडवं १६ वरून ८ बारांवर आणलं, मधला तुकडाही १६ वरून ८ वर. आता ८८ बार, ३ मिनिटं ४० सेकंद. तिसरं कडवं अर्धं केल्यावर बाई घाईत असल्यासारखी वाटते, आणि तेच हवं होतं.

पट्टी आणि हार्मोनियम

सा पांढरी सहावर. कडवी सा ते प यांच्याच आत ठेवली. पहिल्या दोन ध्रुवपदांत वरची हद्द कोमल नि. तार सा आणि त्यावरचा कोमल ग फक्त शेवटच्या ध्रुवपदात, 'भेवतो'च्या 'भे'वर. कडव्याखाली ए मायनर, एफ, जी. ध्रुवपद सी मेजरपासून उचलतं. सूर तेच राहतात, खालची जमीन बदलते.

गावातली पेटी ४४० ला असेलच असं नाही. ट्यूनर ॲपवर मोजली तर आपल्या पेटीचा ए ४४४ हर्ट्झ निघाला, म्हणजे साधारण १६ सेंट चढा (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट असतात). रीड घासून उतरवण्याच्या भानगडीत पडलो नाही. कीबोर्ड आणि बासचं मास्टर ट्यूनिंग ४४४ केलं, दोन मिनिटांत झालं. जोडरीडच्या पेटीत दोन रीड आपसात किंचित वेगळे असले की सूर थरथरतो. कडव्याला म्हणून एकच रीड उघडा ठेवायचा, दुसरा शेवटच्या ध्रुवपदासाठी राखायचा.

खोली

नोव्हेंबर-डिसेंबरात या भागात भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच साठवलेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीत तीन भिंतींना छातीइतका कापूस म्हणजे फुकटचा स्टुडिओ. पातळ फोम फक्त वरचा चकचकाट खातो. तीन-चार फूट जाड कापूस त्याच्या बराच खालपर्यंत शोषतो. टाळी वाजवली तर नुसती 'टप्' येते, मागे काही नाही.

गायिका कापसाकडे तोंड करून, माइक तिच्या आणि कापसाच्या मध्ये. पाठीमागे दारावर गोधडी. तंतू उडतात, म्हणून माइकपुढे पॉप फिल्टर आणि टेक संपला की माइकवर पिशवी. साठवलेल्या कापसात बसलं की अंगाला खाज सुटते, त्यामुळे पूर्ण बाह्या आणि एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे. अगरबत्ती, कासवछाप, शेगडी, उघडा गरम बल्ब यातलं काहीही त्या खोलीत नेऊ नका. कापूस पेटायला ठिणगी पुरते.

छप्पर कवेलूचं (कौलारू) असेल तर उत्तम. टिनाचं असेल तर दिवस मावळल्यावर पत्रे आकसताना तडतडतात. नऊनंतर ते शांत होतात. रातकिड्यांचा आवाज चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो, शब्दांची स्पष्टता जिथं असते त्याच पट्ट्यात, त्यामुळे इक्यूनं (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) तो कापला की गाणंही मळकं होतं. थंडी पडली की रातकिडे मंदावतात. डिसेंबरातल्या टेकमध्ये ते जवळजवळ नाहीतच. ती आठ मोकळी मात्रा खरोखर मोकळी ऐकू यायला हवी असेल तर हे सगळं आधी करावं लागतं.

रात्री शेतीच्या फिडरची पाळी असली आणि गावठाणाची लाइन वेगळी नसली की दाब पडतो आणि चार्जरमधून घरघर शिरते. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर भिंतीतून काढलेला. इन्व्हर्टरही बंद.

मोठी चूक इथंच झाली. पहिलं कडवं खोली भरलेली असताना घेतलं, दुसरं कापूस विकून गाडी गेल्यावर. तोच माइक, तेच अंतर, तोच गेन, तरी दोन कडव्यांत दोन वेगळ्या बाया गात असल्यासारखं वाटत होतं. रिकाम्या खोलीचा डबडबाट आवाजात बसला की प्लगइननं निघत नाही. बाजूच्या घरी कापूस होता, तिथं दुसरं कडवं पुन्हा घेतलं. शिकवण एवढीच की मुख्य आवाजाचं सगळं काम गाडी लागायच्या आत उरका.

अंतराचं गणित : पहिलं कडवं १२ सेंटिमीटरवरून, हळू, जवळजवळ बोलल्यासारखं. कार्डिऑइड (समोरचंच जास्त ऐकणारा) माइक इतक्या जवळून खालचा भाग फुगवतो, तो २०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी केला. शेवटचं ध्रुवपद ४० सेंटिमीटरवरून, उभं राहून, छातीतून. 'भे' आणि 'फु'चा वारा चुकवायला माइक तोंडापासून तीसेक अंश बाजूला वळवलेला. २४ बिट, शिखर उणे १० डेसिबलच्या वर नको. ८० हर्ट्झखालचं सगळं कापलेलं.

मोटरचा सूर

सबमर्सिबल घेऊ नका, ती बोअरमध्ये खोल असते, वर फक्त पाणी ऐकू येतं. विहिरीवरची मोनोब्लॉक हवी. माइक मोटरच्या मागच्या बाजूला तीन मीटरवर, पाण्याच्या धारेपासून दूर, कोरड्या जागी. स्टार्टर-पेटीचं 'खट्' वेगळं घ्या. बटन ज्याची मोटर त्यानंच दाबायचं, आणि केबल ओल्यात टाकायची नाही.

आपली वीज ५० हर्ट्झची, मोटरची घुमी त्याच्या दुप्पट, १०० ला. हा सूर जी पेक्षा ३५ सेंट वर बसतो, ना धड कोमल नि, ना दुसरं काही. तो सा वर आणायला पहिल्यांदा १६५ सेंट चढवला, म्हणजे ११० हर्ट्झ. कागदावर चोख, पण हार्मोनियमबरोबर वाजवला की दर सेकंदाला एक झोका यायला लागला. कारण पेटी ४४४ ची, तिचा खालचा सा १११ वर. १८१ सेंट केल्यावर झोका गेला. पेटी मोजलेली होती, आकडा शीटवर लिहिलेला होता, तरी ही चूक झाली.

फोनच्या स्पीकरवर १११ हर्ट्झ ऐकूच येत नाही. थोडं सॅचुरेशन (आवाज किंचित फाडणं) दिलं की २२२ आणि ३३३ चे वरचे सूर तयार होतात आणि फोनवरही मोटर असल्याचं कळतं. घुमी फक्त सुरुवातीला आणि मधल्या तुकड्यात आहे.

खंजिरी आणि मंडळ

तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांमुळे या भागात खंजिरी शोधावी लागत नाही, गुरुदेव सेवा मंडळाच्या कुठल्याही शाखेत मिळते. थंडीच्या रात्री दवानं चामडं उतरतं आणि 'टण्'चं 'थप्' होतं. शेकोटीवर हातभर उंच धरून फिरवत शेका. एका जागी धरली तर चामडं आकसून फाटतं. दोन-तीन टेकनंतर पुन्हा शेकावी लागते, म्हणून टेक लहान ठेवा. माइक चामड्यासमोर नको, कडेच्या बाजूनं ४० सेंटिमीटरवर.

मोकळ्या आठ मात्रा अशा भरल्या : पहिल्या ध्रुवपदात काहीच नाही. दुसऱ्यात एक खंजिरी, तीही शेवटच्या चार मात्रांतच. शेवटच्या दोन ध्रुवपदांत समेवर स्टार्टर-पेटीचं 'खट्', लगेच सहा जणांचं 'लाइन आली!', आणि खाली ए मायनरऐवजी सी मेजर.

भजनी मंडळाला सलग गायला लावू नका. भजन चढत जातं, ती सवय क्लिकला (ताल मोजणाऱ्या टिकटिकीला) जुमानत नाही. ९६ वर सुरू झालेलं पथक दोन ध्रुवपदांत १०४ वर गेलं. हेडफोन एकालाच, त्यानं हातानं खूण द्यायची, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहायचं, आणि फक्त दोन शब्द, तुकड्या-तुकड्यानं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनवर क्लिक वाजवली तर ती माइकमध्ये जाते, मग निघत नाही. देवळाच्या सभामंडपात चार टेक घेतले, तिथला घुमारा तसाच ठेवला.

मिक्स कुठे आहे

पहिलं कडवं उणे २१ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), शेवटचं ध्रुवपद उणे ११, सगळं गाणं मिळून उणे १४ च्या आसपास. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठं गाणं तेवढ्यावरच खाली आणतात, त्यामुळे सगळं दाबून सपाट केलं तर हाती काहीच लागत नाही, उलट दहा डेसिबलची चढण जाते. ट्रॅक्टरवर मात्र पहिलं कडवं इंजिनखाली बुडतं. त्यासाठी आवाजात २५०० हर्ट्झच्या आसपास दीड डेसिबल वाढवले, त्याहून जास्त वाढवले की फोनवर कर्कश होतं.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं तयार आहे. आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) वितरकाकडूनच मिळेल. गीत, चाल, गायन, मंडळ यांचे वाटे कागदावर लिहून सह्या झाल्या. हे काम गाणं चालण्याआधीच सोपं असतं.

राहिलं ते 'आता'. शेवटच्या ध्रुवपदात तो शब्द परत आणायचा ठरलं. ओळीत नाही, ओळीच्या आधी, मोकळ्या आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रांत, मंडळाच्या 'लाइन आली!'नंतर लगेच. अकरा टेक झाले. दहांत तो ओरडून आला. चौथ्यात बाईनं तो श्वास सोडता सोडता म्हटलाय, सध्या तोच ठेवला आहे. त्यात मागे कुणाच्या तरी मोटरची १०० ची घुमी आली आहे, अरुंद नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावून पाहायचा आहे.