वेर्चेल्लीच्या खाचरांतून

उत्तर इटलीतलं सांतिया गाव सोडलं की वेर्चेल्लीपर्यंत साधारण २७ किलोमीटर चालायचं, आणि वाटेत झाडाची सावली फारच थोडी. दोन्ही हातांना भाताची खाचरं. मे महिना होता. खाचरं पाण्यानं भरलेली, बांधांवर बगळे आणि उत्तरेला मोंते रोझा पर्वताचं बर्फ. मी मावळातली, भाताच्या चिखलात वाढलेली, आणि घरात पंढरीची वारी आजोबांच्याही आधीपासूनची. तरीही इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला जाणाऱ्या ‘व्हिया फ्रांचिजेना’ या जुन्या यात्रावाटेवर असा घरचा वास येईल असं वाटलं नव्हतं.

इ. स. ९९० मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतले, तेव्हाच्या ७९ मुक्कामांची यादी आजही उपलब्ध आहे. वेर्चेल्ली त्यातलंच एक. पालखीचे मुक्काम जसे ठरलेले असतात, तसे इथले यात्रेकरू आजही बरेचसे त्या यादीनुसारच चालतात.

या मुलखात पाण्याला फार मान आहे. पो नदीचं पाणी किवासोहून उचलून पूर्वेकडे नेणारा कावूर कालवा १८६३ ते १८६६ या काळात खणला गेला. त्यावेळची यंत्रं बघता तो इतक्या लवकर कसा झाला याचं मला अजून नवल वाटतं. त्याच्या थोडं आधी, एप्रिल १८५९ मध्ये, ऑस्ट्रियाचं सैन्य तोरीनो (ट्युरिन) शहरावर चालून येत होतं, तेव्हा इंजिनियर कार्लो नोए यांनी पाटांची दारं उघडून हे सगळं सपाट रान पाण्याखाली घातलं आणि शत्रूची चाल मंदावली. पुढे कालव्याचं कामही त्यांच्याच हातून झालं. शेतीचं पाणी देशाच्या रक्षणाला धावून आलं, हे वाचून माझा ऊर भरून आला.

गावात शिरताना सांत आंद्रेआ चर्चचे दोन मनोरे लांबूनच दिसतात. कार्डिनल ग्वाला बिक्किएरी इंग्लंडमध्ये पोपचे प्रतिनिधी होते. तिथून परतल्यावर १२१९ मध्ये त्यांनी हे चर्च बांधायला घेतलं आणि १२२७ पर्यंत ते उभं राहिलं. दर्शनी भाग हिरवट दगडाचा. आत पांढऱ्या भिंतींवर लाल विटांच्या कमानी चढत जातात. शेजारीच त्यांनी यात्रेकरू आणि आजाऱ्यांसाठी इस्पितळही काढलं. देवळाबरोबर वाटसरूची सोय करणारा माणूस मला फार मोठा वाटतो. कॅथेड्रलच्या ग्रंथालयात दहाव्या शतकातलं जुन्या इंग्रजीतलं एक हस्तलिखित आहे. रोमला निघालेल्या कुणा यात्रेकरूनं ते इथे ठेवलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

पण माझं मन अडकलं ते मोंदीनांपाशी. भातात रोपं लावणाऱ्या आणि तण काढणाऱ्या या मजूर बाया. मे-जूनमध्ये एमिलिया, व्हेनेतो, लोंबार्दियातून आगगाड्या भरभरून यायच्या, कवलारू वाड्यांत राहायच्या आणि दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकून काम करायच्या. डास, जळवा, मलेरिया, सगळं सोसायच्या. त्यांनी संप केले आणि १९०६ मध्ये वेर्चेल्लीत आठ तासांचा दिवस मिळवला. इटलीत तसा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशकं आणि यंत्रं आली तसं त्यांचं काम संपत गेलं. आता इथे बी थेट पेरतात, लावणी जवळजवळ नाहीच.

यात्रेकरूंच्या निवाऱ्यात रात्री जेवायला ‘पानिस्सा’ होता. भात, राजम्यासारखे दाणे, लाल वाइन आणि चरबीत मुरवलेला सॉसेज. मी माळकरी आहे, हे कळल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी छोटं पातेलं वेगळं ठेवलं. त्यात मांस नाही, वाइन नाही. कांदा परतून त्यात न धुतलेला तांदूळ घातला, दाणे गरम होईपर्यंत हलवला आणि मग डाव डाव करून भाज्यांचं उकळतं पाणी. त्या ढवळता ढवळता सांगत होत्या की त्यांची आई मोंदीना होती. फोनवरच्या भाषांतरानं काम भागत होतं, पण लावणी कशी करायची हे त्यांना शब्दांत सांगता येईना. त्यांनी झारा ठेवला, कमरेत वाकल्या आणि अंगठ्यानं फरशीत रोप खोचल्यासारखं करत मागे मागे सरकू लागल्या. मीही पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी वाकले. आवणातून मूठ घ्यायची, चार काड्या वेगळ्या करायच्या, दाबायच्या आणि पाऊल मागे. माझी आईही अशीच लावायची.

“तुमच्याकडे अजून बायकाच लावतात?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मजुरी किती, तास किती, जेवण मालकाकडून की घरून, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. मी आमच्याकडचे तास सांगितले तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. “संप करा,” म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.