मागच्या वारीतला शब्द

माऊलींच्या पालखीसोबत माझी ही चौथी वारी. दिंडीचा नंबर लिहीत नाही, कोणाची बदनामी करायची नाहीये, पण झालं ते सांगितल्याशिवाय राहवत पण नाहीये.

२०२३ ला पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामाला, वाखरीच्या तळावर, आमच्या दिंडीच्या महाराजांनी कीर्तन संपल्यावर सगळ्यांसमोर शब्द दिला की पुढच्या वर्षी बायकांसाठी वेगळा पाण्याचा टँकर आणि आंघोळीला ताडपत्रीचा आडोसा करू. २०२४ ला भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरताना आम्हा २७ जणींकडून ५०० रुपये जादा घेतले, ह्याच कामाचे म्हणून सांगून घेतले.

निघालो तर टँकर एकच आणि आडोसा नाहीच. पुण्यात जाणवलं नाही, तिथे लोकं हात धरून घरी नेतात आंघोळीला, पण जेजुरी सोडून वाल्ह्याला आलो तेव्हापासून जे हाल झाले ते झाले. रात्री दोनला उठायचं, चिखलात मोबाईलच्या उजेडात दोघींनी साडी धरायची आणि तिसरीने घाईघाईत चार तांबे अंगावर घ्यायचे. फिरती शौचालयं असतात वारीत, पण आमचा तंबू पडायचा पार तळाच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या शेजारी झोपणाऱ्या मावशी सत्तरीच्या, त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच बंद केलं, रात्री उठायला लागू नये म्हणून. दिवसभर चालून आलेली बाई घसा कोरडा ठेवून झोपते, मला बघवेना.

दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकऱ्यांना बोलले तर म्हणाले, माऊली वारीत तक्रार करू नये, पांडुरंगावर सोडा. मला नाही पटलं. पैसे माणसाने घेतले, शब्द माणसाने दिला, मग विचारायचं पण माणसालाच ना? आणि मी महाराजांना मनापासून मानते हो, त्यांच्या कीर्तनात रडलेली बाई आहे मी. बोले तैसा चाले त्याची वंदीन पाऊले, हे त्यांच्याच तोंडून किती वेळा ऐकलंय.

ज्यांनी समाजआरती बघितली नाही त्यांना सांगते. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ मृदुंगाचा नुसता कल्लोळ, आणि सोहळ्याची शिस्त बघणाऱ्या चोपदारांनी हातातली काठी, म्हणजे चोप, वर केला की एका क्षणात हजारो टाळ गप्प. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात, आणि मगच आरती.

लोणंदला ती आरती बघून तंबूत आलो तर मावशी म्हणाल्या, "तिकडं माऊलींची आरती थांबती तक्रारीसाठी, मग आपल्या तंबूत का नाही?"

रात्री हरिपाठ झाला, महाराज कीर्तनाला उभे राहिले, सगळे टाळ थांबले आणि मावशींचा थांबला नाही. एका पोराकडून मागून घेतलेला टाळ, किण किण किण, एकटाच. महाराजांनी हात वर केला तरी चालूच. मग आम्ही सात आठ जणींनी टाळ्या धरल्या.

"काय झालं माऊली?" महाराजांनी विचारलं.

मावशी पुढे गेल्या, आधी पाया पडल्या, महाराज पण वाकले. मग म्हणाल्या, "महाराज, वाखरीला तुम्ही आडोसा देतो म्हणाला होता. मला संध्याकाळी पाणी प्यायचंय."

कोणी हललं नाही. महाराज म्हणाले ट्रकचं काम निघालं, पैसे त्यात गेले. मागून एक काका उठले, "मग आम्हाला कधी सांगणार होता महाराज?" बराच वेळ महाराज खाली बघत उभे होते, मग हात जोडून म्हणाले, चुकलं माझं. धर्मातला माणूस मोठा झाला की त्याला हिशोब विचारायचा नाही असं कोणी ठरवलं माहित नाही, त्या रात्री कीर्तन झालं ते मात्र चार वर्षातलं सगळ्यात चांगलं झालं.

पुढच्या मुक्कामाला, तरडगावला, बांबू रोवून दोन ताडपत्र्या बांधल्या. टँकर शेवटपर्यंत आला नाही.

वाखरीला महाराज परत सांगायला लागले, पुढच्या वर्षी टँकर नक्की. मावशींनी भिशीची वही पुढे केली, "लिहून द्या." महाराजांनी तिथेच तारीख घालून लिहिलं, खाली सही केली. त्या पानाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, कार्तिकी झाली की फोन करून टँकर ठरवला का ते विचारणार आहे.